पत उत्तम, फोन नाही

४ मार्च, मंगळवार

नाकारलं! मला!

कामावरून तासभर लवकर निघून फोनच्या दुकानात गेलो होतो. दोन वर्षांचा करार करायचा, दरमहा हप्ता भरायचा आणि नवा कोरा फोन खिशात घालून घरी यायचं. एवढंच काम. दुकानात एक मुलगी असते, गळ्यात सतत हेडफोन अडकवलेला. मनातल्या मनात मी तिला हेडफोनबाई म्हणतो. तिने नाव, पत्ता, जन्मतारीख सगळं भरलं आणि कॉम्प्युटरकडे बघून म्हणाली, "काका, काय क्रेडिट स्कोअर आहे हो तुमचा! असा मी महिन्याभरात बघितला नाही." मी खाली बघून हसलो — दाखवायला बसवलेल्या मुलीसारखा.

मग म्हणाली, वरच्या ऑफिसात तपासणीला गेलंय, दहा मिनिटं बसा. बसलो. वीस मिनिटं झाली. मग तिने हाक मारली, पण आवाज उतरला होता.

"काका... नाही म्हणतायत."

"का?"

"कारण सांगत नाहीत. नुसतं नाही म्हणतात."

मागे रांगेत सहा माणसं. सगळ्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी बँक लुटून थेट इकडेच आलोय. बाहेर पडताना दार ढकलायचं सोडून ओढत बसलो. उरल्यासुरल्या अब्रूचेही धिंडवडे!

५ मार्च

बायकोचं म्हणणं, रोख देऊन घ्या ना, पैसे आहेत की. मी म्हटलं, प्रश्न फोनचा नाही. ती म्हणाली, "तुमचा कुठलाच प्रश्न कधी त्या वस्तूचा नसतो."

८ मार्च, शनिवार

फोनचा प्रश्न तसा आहेच. आमच्या कारखान्यात (कारखाना म्हणजे दोन खोल्या, एक भट्टी आणि मी) कवळ्या आणि खोटे दात तयार होतात. पूर्वी दातांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई दाताची छटा पट्टीवर जुळवून चिठ्ठीवर नंबर लिहून पाठवायच्या. आता फोटो पाठवतात. माझ्या जुन्या फोनवर जगातले सगळे दात एकाच रंगाचे दिसतात — शिळ्या लोण्याच्या. गेल्या महिन्यात एका शाळामास्तरांचा पुढचा दात मी त्या फोटोवरून केला. बसवल्यावर मास्तर हसले आणि पोरं अर्धा तास हसत राहिली म्हणे. दात परत आला. डॉक्टरीणबाई काही बोलल्या नाहीत. पण त्या बोलत नाहीत तेव्हाच भीती वाटते.

१० मार्च, सोमवार

आज जेवणाच्या सुट्टीत पुन्हा दुकानात. हप्ते वेळेवर भरल्याच्या पावत्या, विजेची बिलं, घराचे कागद — एक पिशवी भरून नेलं. हाताला दातांच्या साच्यांचं प्लास्टर तसंच चिकटलेलं होतं, धुवायला वेळ कुठला! हेडफोनबाईला म्हटलं, घे, वाच, बावीस वर्षांत एक हप्ता चुकलेला दाखव. ती बिचारी म्हणाली, "काका, मला कशाला दाखवता, माझा तुमच्यावर विश्वास आहे." स्वतः वरच्या ऑफिसला फोन लावला. आतल्या खोलीत जाऊन बराच वेळ बोलली. बाहेर आली ती ओठ चावत.

"परत नाही?"

"परत नाही. त्यांनी कुठेतरी फोन करून चौकशी केली म्हणे. कुठे ते मला सांगता येत नाही, नियम आहे." मग हळूच म्हणाली, "तुम्ही तुमच्या क्रेडिटच्या नोंदीची नक्कल मागवा. सगळी. शेवटच्या पानापर्यंत."

चौकशी! कुणाकडे केली असेल? मला एकच माणूस सुचतो — डॉक्टरीणबाई. मास्तरांचा दात भोवला!

११ मार्च

आज हात दाखवून अवलक्षण केलं. तयार दात द्यायला दवाखान्यात गेलो आणि सरळ विचारलं, "बाई, माझ्याबद्दल कुणी फोन करून विचारलं का? आणि तुम्ही काय सांगितलंत?" खुर्चीत पेशंट, तोंड उघडं. बाईंच्या हातात चिमटा. बाई म्हणाल्या, "कुणी नाही विचारलं. का? कुणाला सांगण्यासारखं काही केलंयत का?" पेशंट तोंड उघडं ठेवून हसला. तसं हसता येतं हे आज कळलं.

नोंदीच्या नकलेसाठी अर्ज टाकला. आठवडाभर लागेल.

१५ मार्च

काही नाही. टपालात फक्त गाद्यांची जाहिरात.

१९ मार्च, बुधवार

आली नक्कल. अकरा पानं. बायको आणि मी जेवणाचं टेबल पुसून वाचायला बसलो, रिझल्ट लागल्यासारखे. पानामागून पान — वेळेवर, वेळेवर, वेळेवर. बायको म्हणाली, "एवढे गुणाचे आहात हे मला कुणी सांगितलं नव्हतं."

अकराव्या पानावर खाली एक चौकट. त्यात लिहिलंय — या व्यक्तीच्या नावाने कुणीही कर्ज, उधारी किंवा करार मागितल्यास आधी पुढील नंबरवर फोन करून खात्री करावी. तिथून होकार आल्याशिवाय काहीही देऊ नये. खाली नंबर. त्याखाली सही — माझी!

तो नंबर मला पाठ आहे. ताईचा.

दातखीळ बसणे म्हणजे काय ते कळलं. धंद्यात इतकी वर्षं काढूनसुद्धा आजच.

२० मार्च

काल पुढे लिहवलं नाही. आज लिहितो, सगळं.

ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. तीन वर्षं आम्ही बोललेलो नाही. शेवटचं बोललो त्या दिवशी ती आमच्याकडे आली होती. मला एक फोन आला — बँकेतून बोलतोय म्हणे. गोड आवाज. मी जन्मतारीख सांगितली, पत्ता सांगितला, खात्याचा नंबर सांगितला, आईचं माहेरचं नाव सांगितलं. चपलेचा नंबर तेवढा विचारला नाही त्याने. ताईने माझ्या हातून फोन हिसकावून घेतला आणि बंद केला. मग घरभर पाहुणे बसलेले असताना सुरू झाली. बावळट काय, बिनडोक काय, देव अक्कल वाटत होता तेव्हा तू कुठे झोपला होतास काय! मी गप्प बसायला हवं होतं. मी म्हटलं, "तुला मूलबाळ नाही म्हणून माझ्यावर आईपण गाजवू नकोस."

म्हटलं. असं म्हटलं मी.

ती बँकेत गेली, खातं बंद करवलं, संध्याकाळी परत आली. माझ्यापुढे चार-पाच कागद ठेवले. "सही कर." मी न वाचता, न बघता, रागाने सह्या ठोकल्या. ती चपला घालून निघून गेली. तेव्हापासून नाही.

बायको आज म्हणाली, "आता तरी जा." मी म्हटलं, "तिनेच नकार दिला ना? दोनदा!" बायको म्हणाली, "आपलेच दात आणि आपलेच ओठ. रविवारी सुट्टी आहे तुम्हाला." आणि दिवा मालवून वळून झोपली.

२३ मार्च, रविवार

गेलो.

बसने वीस मिनिटं. दार दाजींनी उघडलं. मला बघून आत ओरडले, "अगं, चहा वाढव!" — इतकंच. जणू मी कालच येऊन गेलो होतो.

ताई स्वयंपाकघरात. केस खूप पांढरे झालेत. मागे न बघता म्हणाली, "वाळलास." मी म्हटलं, "तू पण." मी अकरावं पान टेबलावर ठेवलं. तिने चष्मा शोधला, सापडेना. दाजींनी तिच्या डोक्यावरून काढून दिला.

वाचलं आणि उठून कपाटातून एक वही आणली. त्यात तारखा. माझ्या नावाने तीन वर्षांत तिला आलेले फोन — नऊ! त्या गोड आवाजाने माझी माहिती गावभर विकली होती. ताई वाचून दाखवायला लागली. "हा बघ, इथे तू सोफा घ्यायला निघालास. इथे दोन फ्रिज. एकदम दोन! इथे लग्नासाठी कर्ज."

"कुणाच्या लग्नासाठी?"

"तुझ्या. मी म्हटलं, त्याला एक सांभाळता येत नाही."

दाजी चहा सांडेपर्यंत हसले. मीही. नऊ वेळा तिने नाही म्हटलं होतं. मी इकडे पत चांगली म्हणून मिरवत होतो, आणि ती पत राखायला बाई तिकडे बसली होती!

"मला सांगितलं का नाहीस?" मी विचारलं.

"पहिल्या महिन्यात चारदा फोन केला. तू उचललास?"

नव्हता उचलला.

मग मी माफी मागितली. ते वाक्य बोललो त्याबद्दल. नीट जमलं नाही, अर्धीच झाली. ती म्हणाली, "पुरे. चहा निवतोय." पण माझ्या कपात दुसऱ्यांदा साखर घातली. पहिल्यांदा घातलेली ती विसरली होती. तसाच प्यायलो.

२५ मार्च

ताईने आज सकाळी वरच्या ऑफिसला सांगितलं — हो, हा खरा भाऊच आहे, द्या. दुपारी करार झाला. हेडफोनबाईने पेढे मागितले. देणार आहे.

फोन असा की काय सांगावं! डॉक्टरीणबाईंनी फोटो पाठवला. दाताच्या कडेची निळसर झाक दिसली, मधला दुधी भाग दिसला. मास्तरांचा दात नव्याने करायला घेतलाय. या वेळी फक्त मास्तर हसतील.

चौकट काढून टाकायची का, असं ऑफिसने विचारलं. मी म्हटलं, राहू द्या. नंबरही तोच राहू द्या.

२९ मार्च, शनिवार

पेढे द्यायला दुकानात गेलो. हेडफोनबाई म्हणाली, "काका, आता सांगायला हरकत नाही. दुसऱ्या वेळी ऑफिसने फोन जोडून दिला आणि त्या नंबरवरच्या बाईंशी मीच बोलले होते. त्यांनी विचारलं, हाताला प्लास्टर आहे का, आणि भांडतोय का. मी म्हटलं, दोन्ही आहे. तशा म्हणाल्या — नको, देऊ नका."

रस्त्यातूनच ताईला फोन लावला. "तुला कळलं होतं मीच आहे ते! मग नाही का म्हणालीस?"

"हो म्हटलं असतं," ती म्हणाली, "तर फोन घेऊन तू तुझ्या घरी गेला असतास."