विजयाआधीची साक्ष

पप्पा, दुपारचे डबे गेलेत, ओटा धुऊन झालाय, आणि मी तुमच्याशी भांडायला बसलेय. भांडायला दुसरं कोणी नाही असं नाही. पण वर जो बसलाय त्याच्याशी बोलणं मी बंद केलंय, आणि खाली जे आहेत ते दोन वाक्यं झाली की माझ्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थनाच सुरू करतात. तुम्ही निदान ऐकून तरी घ्यायचात. तुम्हाला जाऊन आता वीस वर्षं होतील. तेव्हा तुमचा नातू तीन वर्षांचा होता. त्याला खांद्यावर घेऊन एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या त्या उंच चिमण्या दाखवायचात तुम्ही, ‘बघ, आजोबांची भट्टी.’ तो गेला पप्पा. मागच्या पावसाळ्यात गेला, डेंग्यूने. चर्चच्या मंडळीतले म्हणतात तो तुमच्याजवळच आहे, म्हणजे तुम्हाला माझ्याआधी कळलं असणार. असेलच तिथे, तर जेवताना त्याच्या वरणावर तूप जरा जास्त घाला. कमी घातलं की न बोलता तसाच उठायचा.

ताप आला तो साधाच वाटला. मग पेशी उतरायला लागल्या, मग दवाखाना, मग आयसीयू. त्याच आठवड्यात माझ्या मैत्रिणीच्या मुलालाही तोच ताप. मैत्रीण म्हणजे जिच्याबरोबर मी हे हॉस्टेलचे डबे करते ती. आमच्याच मंडळीतली, आमच्याच बिल्डिंगमधली, खालच्या मजल्यावरची. दोघींची पोरं चर्चमधल्या एकाच रविवारच्या शब्बाथ शाळेत वाढली, एकाच बाकावर बसून चुळबुळ केल्याबद्दल एकत्र ओरडा खाल्ला. मंडळीने साखळी प्रार्थना धरली. तुमच्या वेळेसारखीच, एकाचा तास संपला की दुसऱ्याचा, कुठे खंड नाही. दोघांची नावं एका श्वासात घेतली जात होती. तिचा घरी आला. माझा आला नाही.

महिना-दीड महिन्याने एका रविवारी साक्षींची वेळ झाली, देवाने माझं काय भलं केलं ते उभं राहून सांगायची, आणि ती उठली. उठणारच. लेकरू मरणाच्या दारातून परत आलं आणि आईने साक्ष दिली नाही, तर मंडळी काय म्हणेल? नवरा तिला कोपराने ढोसत होता ते मी पाहिलं. ‘प्रभूने आमच्या प्रार्थना ऐकल्या,’ ती म्हणाली, आणि सगळे म्हणाले, ‘प्रभूची स्तुती असो.’ मी तिच्या मागच्याच बाकावर. पप्पा, तीच साखळी, तीच तोंडं, तेच शब्द. मग माझा अर्धा हिस्सा वाटेत कुठे सांडला? मी पर्स उचलली आणि बाहेर आले. त्यानंतर चर्चची पायरी चढले नाही. घरी जेवायला बसलं की हे प्रार्थनेला डोळे मिटतात आणि मी भाताकडे बघत बसते. हे मला काही म्हणत नाहीत. हे कोणालाच काही म्हणत नाहीत, ड्यूटीवरून येतात आणि आवाज बंद करून टीव्ही बघतात.

लोक येतात. नुसते येऊन बसले असते तर बरं झालं असतं, पण बोलतात. ‘देवाची योजना असते.’ ‘चांगली फुलं तो आधी खुडतो.’ एकीला तर मी म्हणणारच होते, बाई, तुमच्या बागेत फुलं नव्हती का? ज्याचं जळतं त्याला कळतं, दुसरं काय. पहिले दोन महिने माझ्या रडण्याला मान होता, आता तो संपलाय. आता मोबाईलवर उगवत्या सूर्याची चित्रं येतात, खाली लिहिलेलं असतं की वाईट विचार सैतान आणतो, विश्वास ठेवा आणि हसत राहा. मी पुसून टाकते. सैतानाला कशाला एवढा भाव द्यायचा? माझा विचार माझाच आहे, माझ्याच स्वयंपाकघरात वाढलेला. सकाळी ती पोळ्या लाटायला येते, तिचा फोन वाजतो, कामावर पोचलेल्या पोराचा असतो, आणि माझ्या डोक्यात येतं : हिचा का नाही गेला?

लिहिलं बघा. रोज यायचं हे. त्या पोराला मी न्हाऊ घातलंय, माझ्या पोराच्या ताटात तो जेवलाय. आणि हा विचार एकटा येत नाही, त्याच्या पाठीला पाठ लावून दुसरा येतो, की अशा बाईने जगून तरी काय करायचं. कपडे वाळत घालायला गच्चीवर जाणं मी बंद केलं होतं. का, ते तुम्हाला सांगावं लागणार नाही. दुसऱ्या कोणाला सांगितलं असतं तर समजलं नसतं, तुम्हाला समजेल.

म्हणून तुमचा तो रविवार सारखा आठवतो. मी तेरा-चौदा वर्षांची असेन. आपण एकलहऱ्याच्या क्वार्टरमध्ये राहतो, दोरीवरच्या कपड्यांवर राख बसते म्हणून मम्मी रोज चिडते, आणि तुम्ही बॉयलरवरून घरी येऊन भिंतीकडे तोंड करून झोपता. झालेलं काहीच नाही. पगार वेळेवर, कर्ज नाही, भांडण नाही. कळवणहून आत्या आलेली, ती मम्मीला विचारते, ‘काय झालं गं याला? लय विचार करतो हा. बाहेरचं काही तर नाय ना?’ मम्मी तिला गप्प करते, ख्रिस्ती माणसाच्या घरात असलं बोलायचं नाही म्हणून. मला वाटतं आपण काहीतरी करावं. मी शब्बाथ शाळेतलं आनंदाचं वचन घोकून तुमच्या उशाशी जाते आणि घडाघडा म्हणून दाखवते, एकदा, मग पुन्हा एकदा. तुम्ही कूस बदलता. ‘पोरी,’ तुम्ही म्हणता, ‘वचन म्हणजे ताप उतरायची गोळी नाही. माझ्या डोक्यावर मारू नकोस ते. म्हणायचं तर हळू म्हण, आणि तुला पटत असेल तरच म्हण.’ माझे डोळे भरून येतात. मी एवढं पाठ केलेलं असतं, आणि तुमची शाबासकी मिळेल असं धरून चाललेली असते.

आणि मग तो रविवार. कोणाचा गुडघा बरा झालाय, कोणाची बदली थांबलीय, सगळ्यांच्या साक्षी नेहमीसारख्या चाललेल्या. तुम्ही उभे राहता. इस्त्रीचा पांढरा शर्ट, मम्मीने सकाळी घासूनपुसून आणलेला माणूस. तुम्ही म्हणता, ‘बरेच महिने झाले, मला मरावंसं वाटतं. कारण काही नाही. बायको चांगली आहे, लेकरू गुणी आहे. तरी सकाळी उठलो की डोक्यात येतं, तू नसलेला बरा. प्रार्थना करतो. विचार जात नाही. आजही गेलेला नाही. तुम्हाला सांगून ठेवतो, एवढंच.’ आणि बसता. स्तुती असो नाही, काही नाही. आमेन म्हणायचं की नाही हे कोणालाच कळत नाही. पेटीवाले मामा घाबरून भलत्याच सुरात गाणं सुरू करतात. मम्मीचा पदर तोंडात.

बाहेर पायऱ्यांवर पाळकसाहेब तुम्हाला बाजूला घेतात आणि अगदी गोड आवाजात म्हणतात, साक्ष विजयाची द्यायची असते. तुम्ही म्हणालात, ‘विजय झाल्यावर कोणीही देईल, पाळकसाहेब. तेव्हा मला तुमची गरज काय?’ मला आजही ते शब्द जसेच्या तसे ऐकू येतात, कारण तुम्ही कोणाला उलटून बोलताना मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं. रिक्षात मम्मी म्हणाली, अब्रू वेशीला टांगलीत. तुम्ही म्हणालात, ‘अगं, तो विचार एकट्यात माजतो, चारचौघांत लाजतो. आता बघ.’

मग काय झालं, तर चमत्कार नाही झाला. दुसऱ्या दिवशी तुमच्या शिफ्टचा एक फिटर दारात आला आणि न बोलता तासभर बसला, मग रोजच यायला लागला. मंडळीतल्या एका नर्सबाईंनी नाशकातल्या डॉक्टरची चिठ्ठी आणून दिली. तुम्ही गोळ्या सुरू केल्यात. काही लोकांना ते रुचलं नाही, विश्वास कमी पडला म्हणाले. तुम्ही मात्र गोळी तळहातावर घेऊन जेवणासारखे डोळे मिटायचात, आभार मानायचात, आणि गिळायचात. तो विचार पुरता कधी गेला नाही, मला ठाऊक आहे. पुढे कितीतरी वर्षं तुम्ही चहाच्या वेळी मम्मीला सांगायचात, ‘आज आलाय,’ आणि मम्मी, तीच मम्मी, तुमच्यासमोर लसणाची परात आणून ठेवायची. सोला म्हणायची, आणि समोर बसायची. तुम्ही गेलात ते हृदय थांबून, म्हातारे होऊन, स्वतःच्या पलंगावर. मी तेव्हा रडले, पण मनातून खूश होते की तो विचार जिंकला नाही.

आता ऐका. मागच्या मंगळवारी फोन वाजला आणि ती नेहमीसारखी पिठाच्या हाताने गॅलरीत पळाली. दार लोटून घेऊन कुजबुजत बोलत होती. परत आली तेव्हा मी म्हटलं, ‘इथेच बोलत जा ना. स्वतःच्या पोराशी चोरून काय बोलायचं?’

ती म्हणाली, ‘तुला त्रास होतो गं.’

‘होतोच,’ मी म्हटलं, आणि मग थांबता आलं नाही. सगळं ओकले. ‘फोन वाजला की मला वाटतं तुझा का नाही गेला. रोज वाटतं. तुझ्या हातची पोळी डब्यात भरताना वाटतं. आणि मग वाटतं की मीच वरून उडी टाकावी.’

तव्यावरची पोळी करपली. तिने गॅस बंद केला. मला वाटलं आता लाटणं ठेवेल आणि जाईल ती, कायमची. ती ओट्याला टेकून खाली बसली. ‘मी तर म्हणाले होते,’ ती म्हणाली. ‘दवाखान्यात. साखळीत माझा तास होता. दोघांची नावं घ्यायची होती. मी देवाला म्हटलं, एकालाच ठेवणार असशील तर माझा ठेव.’ आणि ती जी रडायला लागली, आई गं. ‘साक्ष देताना सगळे स्तुती म्हणत होते आणि मला वाटत होतं, हिच्या पोराचा जीव मीच मागून घेतला.’

पप्पा, मला राग यायला हवा होता. आला पण, क्षणभर, असा की कानशिलं तापली. मग मी म्हटलं, ‘अगं बाई, मला सुचलंच नाही. सुचलं असतं तर मीपण तेच म्हटलं असतं.’ हे बोलले आणि मला इतक्या महिन्यांत पहिल्यांदा हुंदका फुटला, तोंडदेखला नाही, पोटातून. दोघी फरशीवर बसून पीठभरल्या हातांनी एकमेकींना धरून रडलो. हॉस्टेलच्या पोरींचे फोनवर फोन, मावशी डबा कुठाय. त्या दिवशी सगळ्यांना नुसता खिचडीचा डबा गेला आणि कोणी तक्रार केली नाही.

ती प्रार्थना करू का म्हणाली नाही, तेवढं तिला कळलं. म्हणाली, ‘उद्या डॉक्टरकडे जायचं. मी बरोबर येणार. आणि गच्चीवरचे कपडे यापुढे मी आणत जाईन.’ गेलो आम्ही. गोळ्या सुरू केल्यात. तो विचार गेलाय असं नाही, पण आता तो आला की मी तिला सांगते, आणि ती म्हणते, ‘माझ्या डोक्यातला सांगू का?’ दोघींचे ऐकले तर मंडळीतल्या बायका नाव टाकतील आमचं.

काल सकाळी ती पोळ्यांना आली नाही. खालून निरोप आला की पोराला अंगात कणकण आहे, ती त्याच्याजवळ बसलीय. दुसरं काही नाही, एवढंच. मी थांबले, तो जुना विचार आता येईल म्हणून, येऊन समाधान पावेल म्हणून. नाही आला. भीती आली. माझ्या पोरासाठी वाटली होती तीच, तशीच. कणीक तशीच सोडून खाली गेले आणि त्याच्या कपाळाला हात लावला, तर तो लाजला, एवढा घोडा झालाय, ‘मावशी, सर्दी आहे नुसती,’ म्हणाला. सर्दीच निघाली. चमत्कार म्हणू नका.

हा कागद कुठे धाडायचा नाही, हे मला लिहायला बसतानाच माहीत होतं. उद्या भाजीची यादी लिहायला पाठकोरा म्हणून वापरीन. पण एक सांगायचं राहिलं, आणि ते तिलाही सांगितलेलं नाही. खाली जायच्या आधी, ओट्याला धरून उभी असताना, मी म्हणाले, ‘ह्याला तरी ठेव.’ डोळे मिटले नाहीत, आमेन म्हटलं नाही. त्याच्याशी परत बोलायचं नाही असं ठरवलं होतं मी. ते मोडलं, पप्पा.