दुसऱ्या डब्यातली मटकी

पल्लवी,

भाकरी दुरडीत आहे. शेरडं घेऊन मी माळावर गेलेय. वहीतलं पान फाडू नकोस. नवी मटकी भिजत घातलीय.

वसतिगृहावर जाताना तू बजावलं होतंस, "आई, एका डब्याला रोज पाणी, दुसऱ्याला थेंब न्हाई. बाकी समदं सारखं, तरच फरक कशानं पडला ते कळंल." चार दिवस पाळलं. पाचव्या दिवशी दुसऱ्यातल्या रोपांनी माना टाकल्या. बघवेना, म्हणून माझ्या तांब्यातलं पाणी ओतलं. लपवणार होते, पण मग तुझा निष्कर्षच खोटा ठरला असता. तारीख घालून वहीत लिहिलंय. प्रदर्शनाला दहा दिवस आहेत, पुन्हा पहिल्यापासून करू. रागावलीस तरी जेव.

आई