आधी सेटिंग, मग नीरू

१५ जानेवारी
काल संक्रांत झाली. तीळगूळ वाटून झाला, आता काम. दिवाळीला नोकरी सोडली ती काही झोपा काढायला नाही. ‘नीरू’ ॲप! कन्नडमध्ये नीरू म्हणजे पाणी. आमच्या यलहंकातल्या कुठल्या अपार्टमेंटला पाण्याचा टँकर कधी येणार, ते फोनवर कळणार. उन्हाळ्याआधी लोकांच्या हातात.
बायकोशी, म्हणजे चैत्राशी, करार पक्का आहे. उगादीपर्यंत, म्हणजे गुढीपाडव्यापर्यंत, ती बँकेत, मी घरी. ॲप चाललं की तिची पाळी: नोकरी सोडून ती कुंभारकामाच्या कोर्सला जाणार. नाहीच चाललं तर मी तिच्या थोरल्या भावाच्या, मुरळी अण्णाच्या, कंपनीत चिकटायचं. म्हणजे तो प्रश्नच येत नाही.
उद्या सकाळी पहिली ओळ. त्याआधी फक्त मशीन आवरून घेतो. दोन दिवस, फार तर.

१९ जानेवारी, रविवार
चैत्रा विचारत होती, दिवसभर टकटक काय चालतं? नीट समजावलं. प्रत्येक प्रोग्रामची एक लपलेली फाइल असते, नावाआधी टिंब. रंग कुठला, अक्षर केवढं, कुठलं बटण दाबलं की काय व्हावं, सगळं तिच्यात. त्या सगळ्या मी गिटमध्ये ठेवतोय. गिट प्रत्येक बदल लक्षात ठेवतं. काही बिघडलं की हव्या त्या दिवसावर परत जाता येतं.
ती म्हणाली, “म्हणजे कपाट आवरतोयस.”
बँकवाल्यांना काय कळणार! इडली मात्र छान झाली होती.

४ फेब्रुवारी
रंग ठरले. दिवसा पांढरा, सहा वाजले की आपोआप काळा. फॉन्ट ठरत नाहीये. शून्य आणि ओ वेगळे दिसायलाच हवेत. टँकरचा नंबर चुकला तर लोक मला शिव्या घालतील. म्हणजे हे ॲपचंच काम झालं.
जुन्या ऑफिसातला सुधन्वा आला होता. माझं सगळं ज्यात असतं तो अख्खा होम फोल्डरच मी गिटच्या ताब्यात दिलाय हे पाहून त्याने कपाळावर हात मारला. म्हणे, “अरे, फायली वेगळ्या फोल्डरात ठेव आणि तिथून जोड. एक दिवस पस्तावशील, लेका!”
त्याची पद्धत करून बघणार. उगाच कुणाला तुच्छ लेखू नये.

१३ फेब्रुवारी
बघितली. आणखी दोन पद्धतीही बघितल्या. माझीच बरोबर.

१७ फेब्रुवारी
नळाला पाणी दिवसाआड. लिफ्टमध्ये सोसायटीच्या सेक्रेटरी पद्मावती आंटींनी गाठलं. ॲप झालं का? म्हटलं, पाया चाललाय, आंटी. तर म्हणतात, “किती खोल खणतोयस रे वत्सा? एव्हाना पाणी लागायला हवं होतं.”
लिफ्टमधले सगळे फिदीफिदी हसले. यापुढे जिन्याने जायचं. व्यायामही होईल.

१ मार्च
कोर्सवाल्यांना उत्तर हवंय. चैत्रा समोर येऊन बसली. “किती झालंय? खरं सांग. राजीनामा देऊ का?”
तोंडातून ‘ऐंशी टक्के’ निघून गेलं. मग ‘दे’ पण निघून गेलं. तिने खुशीत आणखी एक डोसा वाढला.
पण खोटं काय आहे त्यात? सेटिंग ऐंशी टक्के झालीच आहेत.

१० मार्च
तिने राजीनामा दिला. येताना मातीचं पोतं आणलं. इथे प्यायला पाणी नाही आणि ही बाल्कनीत माती भिजवतेय! ओल्या फडक्याखाली तो गोळा बसलेला असतो. बाल्कनीत जाणं बंद केलंय.
लिफ्ट नाही, बाल्कनी नाही. एकाग्रतेला चांगलंच. उद्यापासून नीरू, देवाशप्पथ.

२२ मार्च, शनिवार
सकाळी खरोखर बसलो. तर गिट ओरडायला लागलं: होम फोल्डरमध्ये नोंद नसलेल्या फायलींचा ढीग आहे. असल्या पसाऱ्यात कुणाला सुचणार? गिटची साफसफाईची आज्ञा दिली. तिनेही इमानदारीत काम केलं. नोंद नव्हती ते सगळं उडवलं.
नोंद फक्त टिंबवाल्या फायलींची होती.
लग्नाचे फोटो गेले. टॅक्सचे कागद गेले. नीरूचा फोल्डर गेला. सेटिंग शाबूत. सहा वाजता पडदा आपोआप काळा झाला.

२३ मार्च
चैत्राला सांगितलं, नीरू पुसलं गेलं. वाटलं आता तोफा डागेल. तर माझं डोकं कुशीत घेऊन तीच रडली. “एवढी मेहनत रे तुझी!” मलाही हुंदका आला. खरंच फार सुंदर ॲप होतं ते.
पद्मावती आंटींनी रसम पाठवलं. मुरळी अण्णाचा फोन आला, तोही प्रेमाने बोलला. आज लिफ्टने गेलो. कित्येक दिवसांनी बरं वाटतंय.

२६ मार्च
सुधन्वा म्हणतो, पुसलेलं परत काढता येतं. मी म्हटलं, जाऊ दे रे, नशिबात नव्हतं. चैत्रा ऐकायला तयार नाही. हार मानायची नाही म्हणते. कसली ही जिद्द!

२८ मार्च
सुधन्वा मशीन घेऊन बसला. चैत्रा त्याच्या शेजारी. पद्मावती आंटी उगादीच्या कैऱ्या द्यायला आल्या त्या तिथेच बसल्या. लग्नाचे फोटो आले, चैत्राने टाळ्या वाजवल्या. मग नीरूचा फोल्डर आला. पूर्ण आला, सुधन्वा म्हणाला.
आत एक फाइल. फायलीत एक ओळ: ‘नीरू. उद्यापासून.’
सुधन्वा चांगला माणूस आहे. “अजून शोधतो हं,” म्हणाला. शोधत राहिला. आंटींनी कैऱ्या टेबलावर ठेवल्या आणि चपला घालून गेल्या.
चैत्राने एवढंच विचारलं, “ऐंशी टक्के कशाचे रे?”

३० मार्च, उगादी
कडुलिंब आणि गूळ तिने सारखाच वाढला. मला वाटलं होतं, नुसता कडुलिंब देईल. तसं केलं असतं तर बरं झालं असतं.
बँकेने राजीनामा परत घेऊ दिला, पण तिच्या जागी दुसरी बाई आलीय. हिला आनेकलची शाखा मिळाली, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. कोर्सवाल्यांना नाही म्हणून कळवलं. माझ्यासाठी अण्णाला फोनही तिनेच केला.

२१ एप्रिल
अण्णाच्या कंपनीने लॅपटॉप दिलाय. त्यात काही म्हणजे काही बदलता येत नाही. रंग नाही, फॉन्ट नाही. पडद्यावर अण्णाचा सत्कारातला, हार घातलेला फोटो आहे, तोही हलत नाही. आणि काय सांगावं, दुपारपर्यंत दिवसाचं काम संपतं.
चैत्रा आनेकलहून आली ती बाल्कनीत गेली. मीही मागोमाग गेलो. फडकं वाळून कडक झालं होतं, खाली मातीला भेगा. तिने विचारलं, “तुझ्या त्या गिटमध्ये हव्या त्या दिवसावर परत जाता येतं ना?” मी हो म्हटलं.
“मग मला तेवढं त्या दिवसावर नेऊन सोड. मी विचारलं होतं ना, राजीनामा देऊ का? तिथे.”
आत जाऊन बादली पाहिली. तळाशी तांब्याभर पाणी होतं, ते मातीवर ओतलं. सगळं भेगांतून खाली गेलं.