चौकशीची खिडकी, आता ईमेलवर

बाई, तुम्ही हे जग सोडून गेलात तेव्हा आपल्या खापरखेड्याच्या कॉलनीत टेलिफोनसुद्धा मोजक्याच घरांत होता. म्हणून मी आजकाल काय करते हे तुम्हाला सांगायचं तर जरा मागूनच सुरुवात करावी लागेल. मी नागपुरात घरी बसून कॉम्प्युटरवर एक मजकूर लिहिते आणि एक बटण दाबलं की तो पुष्कळ जणांना एकदम पोचतो. ज्यांनी "आम्हाला पाठवा" असं आपणहून कळवलंय त्यांनाच, बाकी कुणाला नाही. त्याला न्यूजलेटर म्हणतात. नावात न्यूज आहे, पण बातमी माझ्याकडे कुठली असणार. एस.टी. स्टँडवर चौकशीच्या खिडकीत मी जी माणसं पाहिली, त्यांच्याबद्दल लिहिते. दर रविवारी सकाळी. तुम्हाला हे आवडलं असतं की नाही, मला अजून ठरवता येत नाही.

स्टँडवरची नोकरी तुम्हाला ठाऊक आहे, तिच्या मुलाखतीला मी तुमचीच साडी नेसून गेले होते. निळ्या काठांची, खळ घातलेली. "परत आणू नको, तुलेच राहू दे," असं तुम्ही म्हणालात. पण पुढची बरीच वर्षं तुम्ही पाहिली नाहीत. मी माइकवर बोलत राहिले. काटोल, कळमेश्वर, सावनेर, मौदा, रामटेक. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली, कुठली उशिरा येणार. माझा चेहरा कुणी ओळखत नसे, पण भाजीबाजारात मी वांग्याचा भाव विचारला की एखादी बाई वळून बघायची आणि म्हणायची, "तुम्ही स्टँडवरच्या बाई ना?" मला त्याचा फार आनंद व्हायचा. मी तो कधी दाखवला नाही.

निवृत्त झाले आणि मग गळ्याचं ऑपरेशन झालं. थायरॉइडची गाठ होती, काढणं भाग होतं. आवाजाची नस तिथूनच जाते, धोका आहे, असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं आणि मी मान डोलावून सही केली होती. गाठ साधी निघाली. आवाज मात्र गेला. अगदीच गेला नाही. कोरड्या पानावरून कुणी चालावं तसा घोगरा काहीतरी उरला. समोरच्या माणसाला दोनदा विचारावं लागतं. आणि गंमत म्हणजे, मी हळू बोलते म्हणून लोक माझ्याशी मोठ्यानं बोलायला लागले, जणू मी बहिरी झाले. शेजारीण तर हातवारे करून साखर मागते. पहिलं वर्षभर मी फोन उचलणं सोडलं, लग्नाकार्याला जाणं सोडलं. यांना माझ्या खुणा कळतात, त्यामुळे घरात काही अडत नव्हतं. अडत नव्हतं म्हणूनच मी तशीच बसून राहिले असते.

मुलगी पुण्याला असते. ती दिवाळीत आली, माझ्यापुढे लॅपटॉप ठेवला आणि म्हणाली, "आई, तू लिही. स्टँडवरच्या गोष्टी तू आम्हाला जेवताना सांगायची ना, त्याच लिही."

मी म्हटलं, "कुणासाठी?"

"वाचणारे येतील. तू काहून घाबरून राहिली? मी आहे ना."

तिनं एक संकेतस्थळ उघडून दिलं. अशी पुष्कळ आहेत म्हणे. हे नवीन आहे आणि सोपं आहे. सोपं तिला. मला पहिल्याच पानावर घाम फुटला. सगळं इंग्रजीत. तुमच्या न्यूजलेटरचं नाव काय? ते एका ओळीत कशाबद्दल आहे? फोटो लावा. रंग निवडा. पैसे घेणार का? त्यावर मी नाही म्हटलं, तर पुढच्या पानावर पुन्हा विचारलं. नाव मात्र मला पटकन सुचलं, चौकशीची खिडकी. एका ओळीचं काही केल्या जमेना. शेवटी लिहिलं, "इथे विचारा." मुलगी हसली, पण तिनं ते तसंच राहू दिलं.

टाइप करायला ती मला माइकचं एक चित्र दाखवून गेली. त्यावर बोट ठेवायचं आणि बोलायचं, मशीन आपोआप लिहितं. ती पुण्याला परतल्यावर मी ते करून पाहिलं. मी म्हटलं, "मौद्याची गाडी." मशीननं लिहिलं, "मोठी गादी." मी पुन्हा म्हटलं. या वेळी त्यानं काहीच लिहिलं नाही, नुसता एक ठिपका हलत राहिला. मी लॅपटॉप मिटला आणि दोन दिवस त्याच्याकडे पाहिलं नाही. माणसांना माझा आवाज कळत नाही हे मी पचवलं होतं. यंत्रालाही कळू नये, याचं मला इतकं वाईट का वाटलं, कोण जाणे.

मग मी एका बोटानं अक्षरं शोधायला लागले. जोडाक्षर कसं काढायचं, रफार कुठून द्यायचा, हे शिकण्यात दिवाळीनंतरची थंडी गेली. एक सोय मात्र मला मनापासून आवडली. लिहिलेलं आपोआप जपलं जातं. वीज जावो, दूध उतू जावो, परत येऊन बघावं तर वाक्य जिथं सोडलं तिथंच उभं. आणि पाठवायच्या आधी ते फक्त स्वतःला पाठवून बघता येतं. मी माझ्याच नावानं आलेलं ते पहिलं पत्र उघडलं तेव्हा पाहुणी आल्यासारखी सावरून बसले.

पण ते पत्र वाईट होतं, बाई. "सर्व वाचकांना सस्नेह नमस्कार. या माध्यमातून आपणांशी संवाद साधताना मला अत्यंत आनंद होत आहे." मी ते मुलीलाही पाठवलं होतं, तिचा मेसेज आला. "आई, हे तर अनाउन्समेंट वाटून राहिली."

तिनं तसं म्हटलं आणि मला आमच्या भिंतीपलीकडचं तुमचं स्वयंपाकघर दिसलं. मी सातवीत आहे, वक्तृत्वाचं भाषण पाठ करून आले आहे. तुम्ही पोळ्या लाटताय, खिडकीबाहेर दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर विजेच्या प्लँटची बारीक राख बसते आहे, आणि मी ओट्याशी उभी राहून घडाघडा म्हणते आहे. तुम्ही लाटणं थांबवत नाही. माझं संपतं. मी शाबासकीची वाट बघते. तुम्ही पोळी तव्यावर टाकता आणि म्हणता, "चांगलं म्हटलं. पण तू म्हणून राहिली वं, सांगून नाही राहिली. मले काही सांग." मला फरक कळत नाही. डोळ्यांत पाणी येतं. तुम्ही गरम पोळीवर तूप-साखर घालून गुंडाळी हातात देता आणि म्हणता, "खा आधी. मंग आज रस्त्यानं काय पाहिलं ते सांग." मी कोळशाची मालगाडी पाहिली होती, तिच्या शेवटच्या डब्यावर एक बकरी उभी होती. मी ते सांगितलं. "हं," तुम्ही म्हणालात, "आता असंच भाषण कर."

माइकवर मी ते विसरले नव्हते. "घाई करू नका, गाडी थांबते, म्हाताऱ्या माणसांना आधी चढू द्या," असं मी कागदावर नसलेलं बोलायची. लिहिताना मात्र मला ते सुचलं नव्हतं. तरी मी ते नमस्काराचं पत्र पाठवलं, कारण दुसरं तयार नव्हतं. मुलीनं ओळखीपाळखीच्यांना नावं नोंदवायला लावली होती, तेवढे वाचक होते. किती जणांनी उघडलं, याचा आकडा ते संकेतस्थळ लगेच दाखवतं. निम्म्यांनी उघडलंच नव्हतं. मौद्याच्या माझ्या नणंदेकडे ते स्पॅम म्हणतात त्या कचऱ्याच्या खणात जाऊन पडलं होतं. एक जण वाचून यादी सोडूनही गेला, हेही ते कळवतं. ही सोय मला नको होती. कोण आत आलं ते सांगावं; कोण उठून गेलं, हे यजमानाला कशाला सांगायचं?

दुसरं पत्र मी नवरदेवाबद्दल लिहायला घेतलं. लग्नसराईतली गोष्ट आहे. मौद्याकडची वरात स्टँडवर उतरली होती, गाडी बदलायची होती, आणि नवरदेवच सापडेना. त्याचा मामा माझ्या खिडकीशी आला, रडकुंडीला. "बाई, पोरगा हरपला." मी विचारलं, "वय?" तो म्हणाला, "लग्नाचं." हे मी माझ्या नेहमीच्या बोलण्यात लिहीत गेले, कारण ते तसंच आठवत होतं. तासाभरात पानभर झालं. शेवटची ओळ लिहिली, "मी माइक हातात घेतला आणि", तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली. मी उठताना पान बंद करावं म्हणून कुठलं तरी बटण दाबलं.

ते पाठवायचं बटण होतं.

परत आले तर पडद्यावर फुगे उडत होते आणि अभिनंदन लिहिलेलं होतं. मला वाटलं, संपलं सगळं. परत बोलवायची काही सोय आहे का, म्हणून मी सगळीकडे शोधलं. नाही. गेलेली गाडी निदान पुढच्या थांब्यावर तरी फोन करून थांबवता यायची. मी मुलीला मेसेज करणार, तोच उत्तरं यायला लागली. "मग?" "काय बोललात?" "अहो, पुढचं पान राहिलं की काय?" स्टँडवरच्या माझ्या जुन्या सहकारी मैत्रिणीनं लिहिलं, "मला माहीत आहे काय झालं, पण मी सांगणार नाही." आणि नणंदेचा फोन आला. मी तो सवयीनं वाजू दिला. ती पुन्हा पुन्हा करत राहिली. शेवटी उचलला.

"वं वहिनी, नवरदेव भेटला का नाही?"

मी काहीतरी बोलले. तिला ऐकू गेलं नाही.

"काय? जोरात बोल जरा. भेटला का?"

मी हसायला लागले, बाई. माझं हसणंही आता घोगरंच आहे, पण ते तिला ऐकू गेलं, आणि तीही हसायला लागली. बऱ्याच दिवसांनी आम्ही दोघी फोनवर होतो. मी जमेल तेवढ्या जोरानं म्हटलं, "लिहून पाठवते."

"आजच पाठव," ती म्हणाली. "मी इथं सगळ्यांले सांगून ठेवलं आहे."

यांनी त्या दिवशी कुकरातला भात स्वतः वाढून घेतला. मी जेवलेच नाही, लिहीत बसले. मी माइकवर काय बोलले होते ते जसंच्या तसं लिहिलं, "मौद्याच्या वरातीतले नवरदेव जिथं असतील तिथून उठून यावं, नवरी वाट पाहून राहिली." सगळं स्टँड हसलं होतं. कळमेश्वरच्या उभ्या गाडीत, मागच्या सीटवर बाशिंग मांडीवर ठेवून झोपलेला पोरगा हडबडून उठला आणि उतरून धावत आला, आणि लोकांनी त्याला वाट करून दिली. रात्रभर हळदीत नाचला होता बिचारा. मी पाठवलं. या वेळी बटण नीट बघून दाबलं. उघडणाऱ्यांचा आकडा मी पाहायला गेले तेव्हा यादीतल्या जवळपास सगळ्यांनी वाचलं होतं, आणि ज्यांची नावं मला ठाऊक नाहीत असे लोक नव्यानं आले होते. नणंदेनं कुणाकुणाला पाठवलं होतं, देव जाणे.

तेव्हापासून दर रविवारी जातं. संकेतस्थळ मधूनमधून मला हुशारी शिकवतं. मथळा आकर्षक करा, अजून माणसं जोडा, आठवड्यातून दोनदा पाठवा. मी ते वाचते आणि सोडून देते. नवखी आहे तोवर नवख्यासारखंच करावं म्हणते.

मागच्या महिन्यात सावनेरच्या एका अनोळखी बाईंचं उत्तर आलं. त्यांच्या आईची नजर गेली आहे, म्हणून त्या रविवारी माझं पत्र आईला वाचून दाखवतात. तसं वाचताना त्यांनी मोबाइलवर ध्वनिमुद्रण केलं आणि मला पाठवलं. मी ते लावलं. लेक वाचते आहे, मध्येच अडखळते आहे, मागे कुठंतरी भांडी वाजत आहेत. दुसऱ्या कुणाच्या तोंडून माझं वाक्य मी पहिल्यांदा ऐकत होते. अर्ध्यावर म्हाताऱ्या आईनं तिला थांबवलं.

"कोण होय हे लिहिणारी?"

"असंल कोणी, आई. नागपूरची आहे."

"अवं, हे ते स्टँडवरची बाई होय," म्हातारी म्हणाली. "अशीच बोले ते. मी कितीकदा ऐकलं तिले."

लेकीनं त्या पत्रात माझी ओळख वाचलीच नव्हती. त्यात ती होतीच कुठं. मी ते पुन्हा लावलं, आणि पुन्हा. यांनी टीव्ही बंद केला आणि माझ्याजवळ येऊन बसले. आम्ही दोघांनी मिळून ऐकलं.

हे तुम्हाला सांगावंसं वाटलं म्हणून मी त्याच संकेतस्थळावर हे लिहायला बसले. आता वर उजव्या कोपऱ्यात ते विचारतं आहे, कुणाला पाठवायचं? सगळ्यांना, की ठरावीक लोकांना? तुमचा पत्ता कुठला टाकू? आणि सगळ्यांना हे द्यायचं नाही. तेव्हा हे कच्च्या मसुद्यांत पडून राहील. ते इथं काही हरवत नाही.

एक गोष्ट मात्र मी मुलीलाही सांगितलेली नाही. डॉक्टरांनी शिकवलेला गळ्याचा व्यायाम मी करत नाही असं तिला वाटतं, आणि ते खरंच आहे. मी दुसरंच करते. यांची दुपारची झोप लागली की कूलर बंद करते, खोलीचं दार लावते आणि लिहिलेलं मोठ्यानं वाचते. मोठ्यानं म्हणजे माझ्या हल्लीच्या मोठ्यानं. आजही उकाड्यात घामाघूम होऊन हे सगळं तुम्हाला वाचून दाखवलं, बाई. मध्ये दोनदा पाणी प्यावं लागलं.