पस्तीस टक्के

बाबा, काल तुमचा कम्प्युटर सुरू झाला.

आठ वर्षं तो आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून कोपऱ्यात पडून होता. आईला आता मी पुण्याला घेऊन जाणार आहे, म्हणून घर आवरायला आलोय. ती म्हणाली, "ते डब्बं भंगारवाल्याले देऊन टाक. पण एकदा लावून त पाह्य. तुह्यी वाट पाहता पाहता गेले ते." आई असंच बोलते, तुम्हाला माहीत आहे. घाव घालायचा नसतो तिला, पण बसतो. मी ओसरीत पाट मांडला, लुगडं सोडलं. डब्ब्यावर हळदीकुंकवाचा डाग तसाच होता. बंद पडलेल्या मशीनलाही तुम्ही तुमच्या शेवटच्या दसऱ्याला मासे धरायच्या जाळ्यांच्या शेजारी ठेवून पूजलं होतं म्हणे. मला हे कालच कळलं.

हा कम्प्युटर मी तुम्हाला भेट दिला असं मी सगळ्यांना सांगत फिरलो. खरं म्हणजे मला नोकरी लागली, लॅपटॉप मिळाला, आणि कॉलेजातलं हे जुनं खोकं खोलीत अडचण करत होतं. त्यात माझं बरंच काही भरलेलं होतं, आणि 'काढू नका' असं नाव देऊन मी ते एका फोल्डरमध्ये ठेवलं होतं. तुम्हाला फक्त रविवार पाहिजे होता. रविवारी सकाळी तुम्ही तलावावरून लवकर यायचे, धुतलेला सदरा घालायचे आणि पुण्यातली नात बघायला कॅमेऱ्यासमोर बसायचे. तुमचा फोन साधा बटणांचा. शेजारच्यांच्या मोबाईलवर बोला म्हटलं तर म्हणायचे, "त्या एवढुशा काचात मले पोरगी मुंगीवानी दिसते. अन् दुसऱ्याचा फोन किती वेळ धरून बसू?" मोतीबिंदू होता तुम्हाला. माझी तीन वर्षांची पोरगी पडद्याला बिस्कीट लावायची आणि तुम्ही चंद्रपूरकडच्या मूल गावाजवळच्या या घरात आ करून बसायचे. ती हसायची, तुम्ही खोटं खोटं चावायचे. आई म्हणते, त्या दिवशी तुम्ही दुपारी जेवताना पण हसत होते.

मग भाद्रपदात कम्प्युटरचं ते अपडेट आलं. तुमचा फोन आला, "काहीतरी लिहून दाखवून राह्यलं रोज. मले वाटते जागा नाई म्हणते." मी म्हणालो, "तसंच म्हणतं ते, बाबा. खालचं बटण दाबा. आणि सुरू झालं की मध्ये बंद करू नका, काही झालं तरी." तुम्ही दाबलं. संध्याकाळी पुन्हा फोन आला. आवाज अपराध्यासारखा होता. "कडाडून राह्यलं होतं बापू, पिन काढली मी. आता ते फिरून फिरून तिथीच येते."

आपल्याकडे वीज कडाडली की पिना काढायच्या. पंखा, टीव्ही, चार्जर, सगळं. आपला पहिला टीव्ही वीज पडून जळला तेव्हापासून तुम्ही घरातली एकही पिन लावलेली ठेवायचे नाहीत, हे मला लहानपणापासून ठाऊक. तरी मी चिडलो. काय बोललो ते मला शब्दाशब्दानं आठवतं, तुम्हालाही आठवत असणार. "एक गोष्ट सांगितली होती, ती पण नाही झाली तुमच्यानं. जन्मभर जाळी विणली, जाळीच विणा. त्याला हात लावू नका आता. दिवाळीत येऊन बघतो मी." तुम्ही "बरं" म्हणालात. मग विचारलंत, "पोरगी जेवली?"

दिवाळीत मी आलो नाही. पौषात तुम्ही तलावाच्या पाळीवर बसल्या जागी छाती धरली, आणि चंद्रपूर गाठायच्या आधीच संपलं. शेवटचे चार महिने तुम्ही नातीला पाहिलं नाही. तेरवीला आलेल्या माणसांना मी सांगत होतो, बाबांनी पिन काढली अन् कम्प्युटर बिघडला, नाही तर बोलणं झालं असतं. बाप मेलेला असतानाही दोष त्याच्याच नावावर टाकत होतो मी.

काल मी तो लावला. काळा पडदा, मग गोल फिरणारे ठिपके, मग तो स्वतःच बंद आणि पुन्हा सुरू. मला तुमचं जाळं आठवलं. लहानपणी फाटलेलं जाळं दिसलं की मी लगेच सुई-दोरा घेऊन बसायचो आणि तुम्ही हातातून सुई काढून घ्यायचे. "पयले धुवून वाळू घाल. पुरं पसरव. जिथी मासा निंगाला तिथीच भोक असते असं नाई." म्हणून मी घाई केली नाही. दुरुस्तीच्या पडद्यावर गेलो आणि एकेक तपासत बसलो. तेवढ्यात आईनं फळीवरून तुमची वही आणून दिली. "ह्याच्यात लिवत बसत त्या मशीनचं. मले का समजते?"

सातवी शिकलेले तुम्ही. पडद्यावरची इंग्रजी अक्षरं तुम्ही चित्रं काढावी तशी उतरवली आहेत, काही उलटीसुद्धा. अपडेटच्या आधीच्या पाच दिवसांत तेच वाक्य पाच वेळा. त्याचा अर्थ एवढाच, जागा पुरत नाही. तुम्ही मला फोनवर हेच सांगितलं होतं. आणि त्या दिवसाच्या पानावर मराठीत: १२ वाजता ३५ टक्के. १ वाजता ३५ टक्के. २ वाजता ३५. ३ वाजता ३५. मग, वीज कडकते. पिन काढली. चूक झाली.

बाबा, ते बारा वाजताच अडकलं होतं. तुमच्या पिनेनं काही झालं नाही. मशीनच्या आतली साठवायची खोली माझ्या सामानानं ठासून भरलेली होती, आलेल्या अपडेटला गाठोडं सोडायलाही जागा नव्हती. तुम्ही मात्र मी बजावलं म्हणून न जेवता तीन तास समोर बसून राहिलात, आकडा हलतो का बघत. आई म्हणते, भाकरी पण तिथेच आणून दिली होती, ती तशीच होती. 'चूक झाली' हे मी लिहायला पाहिजे होतं.

मी 'काढू नका' उघडलं. कॉलेजात उतरवलेले सिनेमे निघाले. काही दोन-दोनदा. पुन्हा कधीही न बघितलेले, नावंसुद्धा विसरलेले. सगळे काढून टाकले. मशीननं अर्धवट अपडेट आपणच मागे घेतलं आणि पाऊण तासात तुमचा पडदा आला, पोरीच्या फोटोचा. मी रडलो. आईनं पाठीवर हात ठेवला, आणि मग मला जे माहीत नव्हतं ते सांगितलं. ती समजत होती मला माहीत आहे.

दसरा झाल्यावर एका रविवारी तुम्ही हे धूड पोत्यात बांधून एसटीनं मूलला नेलं होतं. दुकानदार म्हणाला, "फॉर्मेट मारा लागन काका. घंट्याभरात चालू करून देतो, पण आतलं सगळं जाते." एका तासात तुम्हाला नात दिसली असती. तुम्ही म्हणालात, "पोराचं सामान आहे बाप्पा त्यात. त्यानं लिवून ठेवलं आहे काढू नका म्हणून. त्याले इचारतो." मग मला फोन केला, आणि पोतं उचलून परत घरी आणलं. आईनं विचारलं तर म्हणालात, "कामात होता तो. मीटिंग होती. येते दिवाळीत."

हे तुमच्याच वहीच्या उरलेल्या पानांवर लिहितोय. वही आईच्या पेटीत जाईल, पुण्याला. पाठवायचं कुठे? पोरगी आता अकरा वर्षांची आहे आणि तिला तुमचा चेहरा फोटोतलाच आठवतो. बिस्कीट आठवत नाही. विचारलं मी.

तो फोन मला आठवतो, बाबा. "ऐक न, ते दुकानवाला म्हणून राह्यला," एवढंच तुम्ही बोलला होतात. मीटिंग नव्हती. रविवारी कसली मीटिंग? मी बागेत उभा होतो, पोरगी झोक्यावर होती आणि मी तिचा व्हिडिओ काढत होतो. तुमच्या फोननं तो मध्येच तुटला म्हणून वैतागून मीटिंग म्हणालो आणि ठेवला. पोरीनं झोक्यावरून विचारलं, "कोणाचा फोन होता?" मी म्हणालो, "कोणाचा नाही."