दादाच्या मेंढ्याची व्यवस्था

ज्या सकाळी मी हे मृत्युपत्र करायचे ठरवले, त्या सकाळी देवाचे नाव घेऊन झाल्यावर कळपातल्या सगळ्यात चांगल्या मेंढीचे कोकरू खिडकीच्या उजेडात धरले आणि त्याच्या मानेवरची लोकर दोन्ही अंगठ्यांनी फाकवली. कातडीपर्यंत पांढरीशुभ्र होती. मधोमध एक काळा केस उभा होता. मी तो उपटला, तर त्याच्या शेजारी आणखी एक. कोकराला सोडले, हात धुतले आणि कागद आणायला गेलो.

मी मेंढपाळ आहे. वय पन्नाशीच्या अलीकडे, शिक्षण गावच्या शाळेत सातवीपर्यंत. फुफ्फुसे थकली असे डॉक्टर म्हणतात. डोके अजून थकलेले नाही. मला कोणी भरीला घातलेले नाही की धाक दाखवलेला नाही. यापूर्वी मी असे काही लिहिलेले नाही, त्यामुळे रद्द करण्यासारखेही काही नाही.

१. राहते घर माझ्या वहिनींना, म्हणजे कैलासवासी थोरल्या भावाच्या, दादाच्या, पत्नीला मिळावे. ते माझ्या एकट्याच्या नावावर राहिले ते दादाच्या आळसामुळे. "तुझं काय नि माझं काय, भिंती थोड्याच विचारणार आहेत?" असे तो म्हणायचा. भिंती विचारत नाहीत, कचेरी विचारते. दारामागचे त्याचे रबरी बूट तसेच ठेवावेत असे मी लिहिणार होतो. पण पावसाळ्यात ते कधी कधी ओले दिसतात आणि मी कोणाला काही विचारत नाही. त्यांचे काय करायचे ते वहिनींनी ठरवावे.

२. बँकेतली शिल्लक कातरणीच्या खोलीला लाकडी पट्ट्यांची जमीन करण्यासाठी वापरावी. मातीवर कातरलेल्या लोकरीत माती जाते, आणि धुण्यात तिचे निम्मे मोल जाते.

३. सगळा कळप पुतणीला. मी लग्न केले नाही. मूल म्हणून ती एकच. तिला या कामाचे शिक्षण आहे आणि माझ्यापेक्षा धीरही. तरी लिहितो, कारण लिहिल्याशिवाय मला राहवत नाही. ओली मेंढी कातरू नये. पोटाची आणि पायांची लोकर पाठीच्या लोकरीत मिसळू नये. खुणेसाठी डांबर लावू नये, ते कशाने निघत नाही. प्लास्टिकच्या पोत्यात भरू नये, त्याचे धागे लोकरीत शिरतात. एकाच जागी दोनदा कात्री फिरवू नये. दुसऱ्यांदा निघतो तो नुसता भुसा. हे सगळे दादाला पटत नसे. "मेंढी आहे की नवरी?" असे विचारून तो हसत सुटायचा.

४. माझी हातकात्री कातरणीतल्या माझ्या जोडीदाराला. त्याने ती आधीच मागून नेली आहे. आता परत करण्याची काळजी करू नये.

५. लोकरीच्या व्यापाऱ्याला, ज्याला आम्ही चिमटीवाला म्हणतो, काहीही देऊ नये. तो गठ्ठ्यात चिमटी घालतो, एक काळा केस वर काढतो आणि सगळ्या गठ्ठ्याचा भाव पाडतो. "पांढऱ्या कापडात हा दिसणार हो, काय करू?" गेल्या हंगामात मी त्याला म्हणालो, "शेठ, घेऊन जा तो केस, तुमच्या टकलावर शोभेल." तो हसला, भाव मात्र पाडलाच. खरे सांगायचे तर तो खोटे बोलत नव्हता, आणि माझा राग त्याच्यावर नव्हताच.

६. आता मेंढा. तो दादाने आणला. उंच, रुंद छातीचा, वरून पांढरा; कानामागे तेवढा एक काळा ठिपका. मी बोट दाखवले तर दादा म्हणाला, "तीळ आहे तो. देखण्या माणसाला असतो, तुला नाही." त्या मेंढ्याच्या लेकींच्या लोकरीत काळे केस आले. त्यांच्या कोकरांतही आले. मी सांगत होतो, दादा ऐकत नव्हता. मग पुराच्या दिवशी मेंढा ओढ्यात अडकला, दादा त्याला काढायला उतरला. मेंढा बाहेर आला. दादा आला नाही.

त्यानंतर हे बोलायचे कोणी? मी मेंढ्याला वेगळे बांधले की तो ओरडतो. वहिनींना ते सोसत नाही. त्या उठून त्याला कळपात सोडतात आणि वर्षभराची निवड पाण्यात जाते. खच्ची करू असे मी एकदाच म्हणालो.

"भाऊजी, ह्यांनी जीव देऊन वाचवला तो. त्याचा वंश बंद करायचा म्हणजे ह्यांना पुन्हा एकदा पोचवून यायचं. मला नाही जमणार."

मलाही जमले नाही. दिवस कलला की मेंढा चरणे सोडून ओढ्याकडे तोंड करतो, कान उभारतो आणि चार पावले पुढे जातो. दादा त्याला दोन सुरांची शिट्टी घालून बोलवायचा. मला काही ऐकू येत नाही. मेंढ्याला येते. मी नामस्मरण करत तिथे उभा राहतो. कधी मध्येच नाम विसरतो आणि कान देतो. पुढच्या हंगामात नवी कोकरे येतात, मी त्यांची मान फाकवतो आणि दादा तिथे असतोच.

तरी कळप राहायचा असेल तर हे थांबले पाहिजे. म्हणून माझ्या माघारी पुतणीने हा मेंढा डॉक्टरांकडून खच्ची करून घ्यावा. त्याला विकू नये, कसायाला तर कदापि नाही. त्याने कळपातच म्हातारे व्हावे.

हे सर्व मी वाचून, समजून, राजीखुशीने लिहिले व खालील दोघांसमोर सही केली.

सही: मेंढपाळ (वरीलप्रमाणे)
साक्षीदार: १. जनावरांचे डॉक्टर २. कातरणीतला जोडीदार
ठिकाण: मेंढवाड्यालगतची खोली
तारीख: शिक्क्याजवळ आहे तीच

पुरवणी, त्याच दोन साक्षीदारांसमोर, दुसऱ्या दिवशी:

काल सही झाल्यावर पुतणीने कागद वाचायला घेतला. सहाव्या कलमाशी थांबली.

"काका, घर आईला, कात्री तुमच्या जोडीदाराला, आणि बाबांचा मेंढा खच्ची करायचं काम मला?"

"कळपही तुलाच दिलाय की."

"कळप देताय ते ठीक. पण जे तुम्हाला जमलं नाही तेही माझ्या नावावर करून जाताय. मी आईच्या तोंडाकडे कशी बघू? तेव्हा तर तुम्हीही नसाल."

वहिनी दारात होत्या. त्यांनी सगळे ऐकले होते.

"पोरीवर नको, भाऊजी," त्या म्हणाल्या. मग त्यांनी विचारले, "त्याला कळपातच ठेवाल ना?"

"कळपातच."

"मग मी धरते त्याला. दुसऱ्या कुणाला तो धरू देणार नाही."

सबब सहाव्या कलमात पुतणीवर टाकलेले काम रद्द समजावे; मेंढा कळपातच ठेवावा हे कायम. आज सकाळी डॉक्टर खच्ची करायचा चिमटा घेऊन आले. वहिनींनी मेंढ्याचे डोके कुशीत घेऊन डोळ्यांवर हात ठेवला. मी मागचे पाय धरले. डॉक्टरांनी विचारले, "करू?" वहिनी माझ्याकडे बघत होत्या. मी हो म्हणालो, आणि काम संपेपर्यंत पाय सोडले नाहीत.