भाऊबीज स्पेशल खून

प्रिय दादा,

तुला पत्र लिहायची वेळ तुझ्या नाटकमंडळींनी आणली. परवा दौंडहून चौघं माझ्या शिरूरच्या खोलीवर आली. यंदाच्या भाऊबीजेच्या खेळात तुझा फौजदार मी करायचा म्हणे. "ताई, तुमच्याशिवाय कोण करणार?" व्हय की! भाऊ गेला, आता त्याची टोपी बहिणीनं घालायची.

खेळ चांगला होता तुझा, ते मी नाकारत न्हाई. दर भाऊबीजेला रेल्वे कॉलनीच्या हॉलमध्ये एक खून. कुणी चिवड्यात विष कालवायचं, कुणी करंजीत. लिहिलेला संवाद एकबी नसायचा. समोरचा जे बोलंल ते खरं धरून पुढं जायचं, एवढाच नियम. आन् तू असा सुटायचास की बायका तोंडाला पदर लावून हसायच्या.

तीन वर्षांमागं, दिवाळीत, मी नवऱ्याचं शिक्रापूरचं घर सोडून आले होते. कायमची. ते फक्त तुला सांगितलं होतं. "सण होऊ दे, आई-आप्पांना मी समजावतो," म्हणालास. एवढी मोठी बॅग कशाला, असं आईनं विचारलं तवा तूच सावरून घेतलंस. सकाळी मी तुला ओवाळलं. किती भरवसा होता रं माझा!

संध्याकाळी खेळात तू फौजदार, मी संशयित. मधीच तुला काही सुचंना. मला दिसलं ते. हॉल गप झाला, आन् तू घाबरलास. मग म्हणालास, "काय हो बाई, भाऊबीजेला एवढी मोठी बॅग? नवऱ्यानं हाकललं व्हय?"

काय हसली लोकं! नियमापायी मी "व्हय" म्हणाले. टाळ्या पडल्या. दुसऱ्या रांगेत आई तेवढी हसत नव्हती. माझ्या तोंडावरनंच तिला कळलं. आप्पा उठून बाहेर गेले. आजबी ते माझ्याशी धड बोलत न्हाईत.

पडद्यामागं काय म्हणालास, आठवतं? "अगं शैले, तोंडातनं निसटलं. पण लोकं हसली ना!" लाज कशी वाटली न्हाई तुला?

नंतरच्या दोन दिवाळ्यांना मी आले न्हाई. तू फोन करायचास ते नव्या खुनाची गोष्ट सांगायला. मी आपली फोन कानाला लावून वाट बघायची, आता म्हणशील, चुकलं माझं. मग उन्हाळ्यात कावीळ झाली तुला. दवाखान्यात तीन दिवस तुझ्या उशाशी बसले. तिथंबी तू नर्सला हसवत बसलास!

आई विचारते, केलंस का त्याला माफ? त्यानं माफी मागितलीच न्हाई, आई. मी देऊ कुणाला? तुझ्यासाठी रडते मी, रोज रडते. पण ते वेगळं.

फौजदार मी करणार हाय. एवढा शब्द देते, कुणाच्या घरातलं तिथं काढणार न्हाई. सुचलं न्हाई तर गप उभी राहीन. लोकं उठून गेली तरी चालंल.

तुझी बहीण,
शैला